बसथांबा कोणाच्या हद्दीत?

शाळेचा दिवस घंटेबरोबर सुरू होतो आणि घंटेबरोबर संपतो, असे शाळेचे दप्तर मानते. खेड्यातून तालुक्याच्या गावी शिकावयास येणाऱ्या मुलामुलींचा दिवस मात्र घंटेच्या कितीतरी आधी गावच्या फाट्यावर सुरू होतो आणि दिवेलागणीच्या सुमारास त्याच फाट्यावर संपतो. मधला जो वेळ एस.टी.ची वाट पाहण्यात जातो, त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. विद्यार्थी फाटकाबाहेर पडला की शाळेची जबाबदारी संपते. गाडीच्या पायरीवर पाय पडेपर्यंत फाट्यावरचा मुलगा एस.टी.च्या लेखी प्रवासी नसतो. तक्रार येईपर्यंत पोलिसांच्या लेखी काही घडलेले नसते. आणि घरच्या माणसांच्या समजुतीप्रमाणे मूल ‘शाळेत’ असते. अशा रीतीने चार जबाबदार यंत्रणांच्या मधोमध एक बेवारस पट्टा तयार झाला आहे. विद्यार्थ्यांना, विशेषतः विद्यार्थिनींना, होणाऱ्या त्रासाचा आणि प्रसंगी हिंसेचा आरंभ बहुधा याच पट्ट्यात होतो.

मुंबई-आग्रा महामार्गावर, सातमाळ डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले चांदवड हे या बाबतीत महाराष्ट्रातील इतर अनेक तालुक्यांच्या गावांसारखेच आहे. होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे देवस्थान ही त्याची जुनी ओळख. १९२८ मध्ये येथे श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली आणि त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांमुळे विद्येचे गाव ही नवी ओळख त्यास मिळाली. प्राथमिक वर्गापासून अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण जेथे एकाच गावी मिळते, तेथे आसपासच्या खेड्यांतील मुले येणारच. ती एस.टी.ने येतात, काळ्यापिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने येतात, नाहीतर वाटेत जो थांबेल त्याच्या दुचाकीवर मागे बसून येतात. एका बाजूला भरधाव मालमोटारी, दुसऱ्या बाजूला पानटपरी आणि मध्ये दप्तर पाठीला लावून उभी असलेली मुले, हे दृश्य महामार्गावरच्या फाट्यांवर रोजचे आहे. रोजचे असल्यामुळेच ते कोणाच्या डोळ्यांना टोचत नाही.

चांदवडचे नाव आणखी एका कारणासाठी घ्यावयास हवे. ९ व १० नोव्हेंबर १९८६ या दिवशी शेतकरी संघटनेने शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवले. लाखोंच्या संख्येने ग्रामीण स्त्रिया घर आणि शेत मागे ठेवून या गावी आल्या. पंचायत राज्याच्या निवडणुका स्त्रियांनी लढवाव्यात, हा निर्धार तेथे झाला आणि त्या काळात झालेली स्त्रीप्रश्नाची मांडणी पुढे ‘चांदवडची शिदोरी’ या नावाने ओळखली गेली. त्या स्त्रियांच्या नाती आज शाळा-महाविद्यालयात जाण्याच्या वयाच्या आहेत. ज्या गावाने लाखो स्त्रियांना निर्भयपणे रस्त्यावर चालताना पाहिले, त्या गावच्या रस्त्यावर त्यांच्या नातीला वीस मिनिटे एकटीने निर्धास्त उभे राहता येते काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर देणे भाग आहे.

एका सौम्य शब्दाचा आडोसा

या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्यास भाषाही काही अंशी कारणीभूत आहे. मुलीचा पाठलाग करणाऱ्यास पूर्वी ‘सडकसख्याहरी’ म्हणत, नंतर ‘रोडरोमिओ’ म्हणू लागले. दोन्ही शब्द ऐकणाऱ्याच्या ओठावर हसू आणतात. ‘छेडछाड’ हा शब्दही असाच सौम्य. जणू काही वयाच्या ओघात घडणारी ती एक खोडी आहे. वस्तुतः ज्या मुलीच्या मागे एकच तरुण महिनाभर रोज त्याच फाट्यावर येऊन उभा राहतो, तिच्या दृष्टीने यात खोडकरपणा कसलाही नसतो. आज तो शीळ घालतो, उद्या नाव घेऊन हाक मारतो, परवा गाडीत शेजारी येऊन बसतो आणि नकार मिळाल्यावर पुढे काय करील हे तिला ठाऊक नसते.

ही भीती निराधार नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एक तरुण प्राध्यापिका आपल्या गावाहून बसने आली आणि नंदोरी चौकातून महाविद्यालयाकडे पायी निघाली. पूर्वीपासून तिच्या मागे लागलेल्या इसमाने वाटेत तिच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवून दिले. आठवड्यानंतर, १० फेब्रुवारीस, तिचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपीस जन्मठेप दिली. त्याच फेब्रुवारीत चांदवडपासून फार दूर नसलेल्या लासलगावच्या बसस्थानकात एक स्त्री पेट्रोलने भाजली आणि उपचार चालू असता दगावली. राज्यभर संताप उसळला. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयक संमत केले. परंतु ते कायद्याच्या रूपाने कधी अमलात आले नाही. एवढ्या संतापानंतरही बस ते महाविद्यालय या वाटेची जबाबदारी कोणाची, याचा निर्णय मात्र झाला नाही.

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीला एका इसमाने गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून आवारात उभ्या असलेल्या बसकडे नेले आणि तिच्यावर अत्याचार केला. स्थानक राज्यातील मोठ्या स्थानकांपैकी एक, आणि पोलिस ठाणेही जवळच. या घटनेनंतर सुरक्षारक्षक, दिवे आणि कॅमेरे यांची चर्चा पुष्कळ झाली. एक साधी गोष्ट मात्र त्या गदारोळात मागे पडली. त्या इसमाच्या हाती सर्वांत उपयोगी पडलेले हत्यार म्हणजे खोटी माहिती. गाडी कोठे लागते आणि केव्हा सुटते, हे अधिकृतपणे व विश्वासाने सांगणारे कोणी जेथे समोर नसते, तेथे ती जागा कोणीही अनोळखी माणूस घेऊ शकतो. चौकशीच्या खिडकीत माणूस असणे हीसुद्धा सुरक्षिततेचीच व्यवस्था आहे.

भिंतीच्या आतले नियम

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांतून ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळेत कॅमेरे बसवणे, तक्रारपेटी ठेवणे, कर्मचाऱ्यांची पडताळणी करणे यांविषयी नव्याने आदेश निघाले. ते आवश्यकच होते. तथापि हे सारे नियम शाळेच्या भिंतीच्या आतले आहेत. भिंतीच्या बाहेर पहिल्या पावलावर ते थांबतात.

याहून बोलका विरोधाभास स्कूलबसच्या नियमांत दिसतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूलबससंबंधी स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. तीत पालक, पोलिस आणि मोटार वाहन विभाग यांचे प्रतिनिधी असतात आणि मुलांच्या सुरक्षित वाहतुकीबरोबर बसचे थांबे निश्चित करणे हेही तिच्या कामात मोडते. म्हणजे थांबा हा मुलांच्या सुरक्षिततेचा भाग आहे, ही गोष्ट कायद्याने केव्हाच मान्य केली आहे. मात्र व्यवहारात तिचा लाभ पिवळ्या बसने जाणाऱ्या मुलांपुरताच राहिला. एस.टी.चा पास खिशात घालून फाट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या थांब्याचा विचार कोणत्या समितीने करावयाचा? शहरातील मुलाला समिती आणि खेड्यातील मुलाला नशीब, अशी ही वाटणी आहे.

एस.टी.ने ग्रामीण शिक्षणावर केलेले उपकार मोठे आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून खेड्यातील शिक्षणाचा इतिहास आणि एस.टी.चा इतिहास वेगळे काढता येत नाहीत. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते. ग्रामीण विद्यार्थिनींचा प्रवास अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत मोफत असतो; रंगमहालाच्या गावाने तर ही योजना अभिमानाने सांगावी. मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत विद्यार्थिनींसाठी खास गाड्या सुरू झाल्या. अर्थात पास हाती असून गाडी वेळेवर नसेल, तर मोफत प्रवासाचा अर्थ मोफत ताटकळणे एवढाच उरतो. २०२१-२२ च्या दीर्घ संपात गाड्या बंद पडल्या तेव्हा खेड्यातील मुलांची शाळा कशी बंद पडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. गाडी रद्द होण्याचा अर्थ पुण्या-मुंबईच्या माणसाला गैरसोय एवढाच वाटेल. फाट्यावरच्या मुलीला मात्र त्याचा अर्थ अंधार पडेपर्यंत उभे राहणे किंवा अनोळखी वाहनात बसणे, असा होतो.

सर्वोच्च न्यायालयाचा विसरलेला आदेश

या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक स्पष्ट आदेश उपलब्ध आहे, आणि तो बसस्थानकात घडलेल्या प्रकरणातूनच निघाला आहे. तमिळनाडूत तेनकासी येथे १९९९ मध्ये बसस्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या एका विवाहितेशी एका पोलिसानेच गैरवर्तन केले. फौजदारी खटल्यात साक्षीदार उलटले आणि तो सुटला. त्याच्या बडतर्फीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी न्यायालयाने ती बडतर्फी कायम ठेवली. तेवढ्यावर न थांबता सर्व राज्यांना निर्देश दिले. बसस्थानके व थांब्यांच्या परिसरात साध्या वेषातील महिला पोलिस नेमावेत. मोक्याच्या जागी कॅमेरे बसवावेत. शिक्षणसंस्था आणि बसस्थानके यांच्या प्रमुखांनी आपल्या आवारात असे प्रकार रोखण्याची व्यवस्था करावी आणि तक्रार आल्यास ती पोलिसांकडे पोचवावी. गाडीत प्रकार घडल्यास तक्रारीवरून चालक-वाहकांनी गाडी जवळच्या पोलिस ठाण्यात न्यावी. आणि पाहणाऱ्यांनीही पोलिसांस कळवावे, असे त्या निर्देशांचे स्वरूप आहे.

कायदाही अपुरा नाही. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो कायम आहे. पीडित मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा लागतो. त्या कायद्याप्रमाणे, गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मग तो शिक्षक असो, वाहक असो की समोरचा दुकानदार. ११२, १०९८ आणि १८१ हे दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहेत. उणीव आहे ती कायदा आणि फाटा यांच्यामधले अंतर भरून काढणाऱ्या माणसाची.

गप्प बसण्याची किंमत

मुली तक्रार का करीत नाहीत, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर त्यांना नेमके ठाऊक असते. घरी सांगितले तर पहिली शिक्षा मुलीलाच होते: शाळा बंद, मोबाईल बंद आणि थोड्याच दिवसांत स्थळ पाहण्यास आरंभ. पालक दुष्ट असतात असे नव्हे. ते असहाय असतात. मुलीचा रस्ता सुरक्षित करणे त्यांच्या हाती नसते, मुलीला रस्त्यावरून उचलून घेणे मात्र हाती असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. यामागे दारिद्र्य आहे, रूढी आहे. आणि ‘बाहेरचे दिवस चांगले नाहीत’ या वाक्याचाही त्यात वाटा आहे. म्हणून मुलगी गप्प बसते. तिच्या गप्प बसण्यास समाज सोशिकपणा म्हणतो. वास्तविक ती आपले शिक्षण वाचवीत असते.

प्रवासाच्या भीतीचा शिक्षणावर होणारा परिणाम अभ्यासकांनीही दाखवला आहे. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींविषयीच्या एका संशोधनात असे आढळले की, अधिक सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली कमी दर्जाचे महाविद्यालयही पत्करतात. याची दुसरी बाजू बिहारने दाखवली. तेथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलींसाठी पैसे देण्यात आले, आणि माध्यमिक शाळांत मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. मुली गटागटाने आपल्या वेळेस निघू लागल्या. कोणत्याही फाट्यावर कोणाची वाट पाहण्याची गरज उरली नाही. रस्ता सुधारला की मुलीची शाळा वाचते, असा या दोन्हींचा मथितार्थ आहे.

वेळापत्रक हेच संरक्षण

मग करावयाचे काय? ‘प्रत्येक फाट्यावर पोलिस’ ही मागणी सभेत टाळ्या मिळवील, परंतु अमलात येणार नाही. पहिला उपाय वाट पाहण्याचा वेळ कमी करणे हा आहे. शाळा सुटते पाचला आणि गाडी सुटते साडेसहाला, या दीड तासात जे घडते ते पोलिसांपेक्षा वेळापत्रकाने अधिक खात्रीने टळेल. जून महिन्यात मुख्याध्यापक, प्राचार्य आणि आगार व्यवस्थापक यांनी एकत्र बसून कोणत्या मार्गावर किती पासधारक आहेत आणि कोणती घंटा कोणत्या फेरीशी जुळवावयाची, हे ठरवणे अशक्य नाही. विद्यार्थ्यांचे पास शाळेतच देण्यास एस.टी.ने आरंभ केला. जी यंत्रणा पास घेऊन शाळेच्या दारात येऊ शकते, ती वेळापत्रक घेऊनही येऊ शकेल.

दुसरा उपाय, वाट पाहावयाची ती शाळेच्या आवारात. गाडी येण्याच्या वेळेपर्यंत वाचनालय किंवा एखादी वर्गखोली उघडी ठेवावी, आणि शक्य तेथे गाडीने शाळेच्या फाटकाशी थांबावे. गाडी रद्द झाल्यास ती बातमी आगारातून शाळेला दूरध्वनीने कळावी. तिसरा, स्कूलबसच्या परिवहन समितीच्या कक्षेत पासधारक विद्यार्थ्यांचे थांबेही घ्यावेत आणि प्रत्येक थांब्यामागे एका जबाबदार व्यक्तीचे नाव असावे. हे काम शिक्षकांवरच लादणे योग्य होणार नाही. निवडणुकांपासून निरनिराळ्या नोंदींपर्यंतचा भार ते आधीच वाहत आहेत. निवृत्त कर्मचारी, पालक, फाट्यावरचा दुकानदार, वाहतूक नियंत्रक, यांपैकी कोणीही हे करू शकेल. मात्र मुलांना त्याचे नाव ठाऊक असले पाहिजे, आणि त्यालाही पुढे कोणाला कळवावयाचे ते ठाऊक असले पाहिजे.

चौथा उपाय तक्रारीविषयीचा आहे, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. तक्रार करणाऱ्या मुलीचे शिक्षण खंडित होणार नाही, अशी हमी शाळेने पालकांना स्वतः जाऊन दिली पाहिजे. वेळ बदलावयाची तर त्रास देणाऱ्याची बदलावी, गाडी बदलावयाची तर त्याची बदलावी. ‘तूच आठ दिवस येऊ नकोस’ हा सल्ला कितीही काळजीने दिलेला असला, तरी तो गुन्हेगाराच्या बाजूने दिलेला निकाल असतो.

मुलग्यांचाही प्रश्न

या चर्चेत मुलगे केवळ आरोपी म्हणून येतात, हेही बरोबर नाही. थांब्यावर मार खाणाऱ्यांत पाचवी-सहावीचे लहान मुलगे असतात. खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून सुरू झालेले भांडण दोन गावांच्या टोळक्यांपर्यंत जाते. दप्तरात कोयता बाळगणे हे मर्दुमकीचे लक्षण मानणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर फिरत असतात. ज्या गाडीत पन्नासांच्या जागी शंभर मुले कोंबली जातात, तिच्यात सभ्यपणाची परीक्षा रोजच होते. फेऱ्या वाढवणे हा या हाणामारीवरचाही उपाय आहे.

मुलांना पकडून भर चौकात उठाबशा काढावयास लावणे, त्यांचे केस कापणे, जमावाने चोप देणे, यांतून पाहणाऱ्यांची करमणूक होते, सुधारणा होत नाही. अपमानित होऊन घरी गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी अधिक कडवट होऊन त्याच फाट्यावर येतो. गुन्हा असेल तेथे कायद्याने कारवाई व्हावी; गुन्ह्याच्या अलीकडे जे असेल, तेथे पालक आणि शिक्षक यांनी मुलाशी बोलावे, आणि एकदाच नव्हे तर वारंवार बोलावे. नकार ऐकून घेणे ही शिकवण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकवण्याची जागा घर व वर्ग हीच आहे.

शेवटी प्रश्न पाहणाऱ्यांचाही आहे. २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण पुढे धावले आणि तिचा जीव वाचला. रस्त्यावर तेव्हा इतरही माणसे होती. प्रत्येकाने कोयत्यापुढे उडी घ्यावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु हल्ल्याच्या आधीचे जे अनेक दिवस असतात, रोज त्याच मुलीच्या मागे तोच तरुण दिसण्याचे दिवस, त्या दिवसांत एक दूरध्वनी करण्यास शौर्य लागत नाही. फाट्यावरच्या टपरीवाल्याला, वाहकाला, रोज त्याच गाडीने जाणाऱ्या कारकुनाला आणि शिक्षकाला हे दिसत असते.

१९८६ मध्ये चांदवडला आलेल्या स्त्रियांनी पंचायतीत जागा मागितली आणि पुढे ती त्यांना कायद्याने मिळाली. त्यांच्या नातींची मागणी त्याहून लहान आहे. शाळेची घंटा आणि एस.टी.ची फेरी यांचा मेळ बसावा, आणि मधल्या वेळेत आपली चौकशी करणारे एक माणूस असावे, एवढेच त्यांना हवे आहे. चांदवडच्या शाळा, एस.टी. आणि पोलिस ठाणे यांनी येत्या जूनपूर्वी एका टेबलाभोवती बसून एवढे ठरवले, तरी इतर तालुक्यांना पुढे चालण्यासाठी एक वाट मिळेल.